मांजर पाणी ओलांडत नाही

रद्दी माझ्या पोटाला पाठ टेकून झोपलेली असतानाच मी ते वाक्य वाचलं.

एप्रिलमधली दुपार होती. सांगलीचं ऊन खिडकीच्या गजांपाशी येऊन थांबलं होतं. मला चौथा महिना लागला होता, आणि मधे एकदा रक्ताचा डाग दिसल्यामुळे डॉक्टर आरवाडे मॅडमनी सहा आठवडे पडून राहायला सांगितलं होतं. उशाशी पुस्तकांची चळत, हाताशी पाण्याचा तांब्या आणि कुशीत हे करड्या रंगाचं मांजर, असा माझा दिवस जायचा. वाक्य मकरंदनं, माझ्या नवऱ्यानं, आणलेल्या गरोदरपणावरच्या पुस्तकात, पानाच्या अगदी तळाशी होतं. मांजराच्या विष्ठेतून एका सूक्ष्म परजीवीचा संसर्ग होऊ शकतो आणि गरोदरपणी तो झाल्यास गर्भाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा पोहोचू शकते, असं. मी ते दोनदा वाचलं. पुस्तक पालथं ठेवलं नि हळूच अंग मागे घेतलं. रद्दीनं एक डोळा किलकिला केला, पुढचे पाय ताणले आणि पुन्हा मला येऊन चिकटली.

मी तिला ढकललं. तिला वाटलं, मी खेळतेय.

रद्दी तात्यांची. तात्या म्हणजे माझे सासरे. गावातल्या एका वाचनालयात त्यांनी पस्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली. विकायला बांधून ठेवलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात त्यांना एकदा मूठभर पिल्लू सापडलं, म्हणून तिचं नाव रद्दी. निवृत्तीच्या दिवशी ते एका हातात शाल-नारळ आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीत मांजर घेऊन घरी आले, असं मकरंद सांगायचा. संध्याकाळी दारात उभं राहून ते "रद्दी, ए रद्दी" अशी हाक मारायचे, तेव्हा एकदा भंगारवाल्यानं गाडी वळवून आणली होती. सासूबाई माझ्या लग्नाआधी दोन वर्षं गेल्या. तेव्हापासून तात्या दिवसभरात जे काही बोलत, त्यातलं निम्मं त्या मांजराशी असायचं.

घरात आम्ही तिघंच. खणभागातलं तळमजल्यावरचं घर, तीन खोल्या, मागे थोडी फरसबंद जागा. मकरंदची पंपांच्या कंपनीत फिरतीची नोकरी, सोमवारी निघाला की गुरुवारी परत. तात्यांची बहीण, इंदूआत्या, दोन गल्ल्या सोडून राहायची. ती सकाळी येऊन पोळ्या-भाजी करून जायची, भात-आमटी तात्या टाकायचे. मी झोपून असायचे म्हणून तात्या माझ्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. उंबऱ्याबाहेर एक स्टूल होतं, त्यावर ताट ठेवायचे, पुस्तकं ठेवायचे आणि खाकरायचे. मी कुठलं पुस्तक अर्धं टाकलं, कुठलं एका दिवसात संपवलं, ते परत आलेल्या चळतीवरून त्यांना कळायचं, आणि पुढची पुस्तकं त्या बेतानं यायची. त्यांच्याऐवजी मांजर आत यायचं. पहिल्या आठवड्यात मी नुसती छताकडे बघत पडायचे, तेव्हा पहिल्यांदा ती पलंगावर चढून आली ती कुणी न बोलावता.

आणि मी काळजीखोर. दर तासाला बाथरूममध्ये जाऊन बघायचे. लाल रंगाचं काही दिसलं, अगदी उशीच्या अभ्र्यावरचं फूल जरी, तरी पुन्हा उठून बघून यायचे. मॅडमना विचारायच्या प्रश्नांची एक वही केली होती. ते वाक्य वाचल्यावर त्या वहीत मी काही लिहिलं नाही. थेट रविवारी संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवलं.

मकरंद खुर्चीत होता. आत्या दाराशी बसून गवारीच्या शेंगा मोडत होती, तात्या नेहमीसारखे उंबऱ्याबाहेर स्टुलावर. मी वाक्य मोठ्यानं वाचलं आणि पुस्तक मिटलं. घरात सायन्स शिकलेली मी एकटीच, बी.एस्सी. झालेली. त्यामुळे मी काही वाचून दाखवलं की ते कोर्टाचा निकाल वाचल्यासारखं व्हायचं.

आधी आत्याच बोलली. त्यांच्या वेळी म्हशी आणि बायका एकाच भिंतीला लागून बाळंत व्हायच्या, कुणाच्या मेंदूला काही झालं नाही, निदान म्हशींच्या तरी, असं ती म्हणाली. मकरंद हसला. मी हसले नाही, म्हणून तोही थांबला.

तात्यांनी विचारलं, "विष्ठेतून म्हणजे ते वाळूचं घमेलं?"

मी हो म्हटलं. मागच्या फरशीवर रद्दीसाठी एक घमेलं होतं. तात्या ते रोज सकाळी स्वतः साफ करायचे. ते म्हणाले, घमेलं पार पलीकडच्या भिंतीला नेतो, तू त्या बाजूला येऊच नकोस. रोजच्या रोज वाळू बदलतो. तिला तुझ्या खोलीत येऊ देत नाही, माझ्या खोलीत ठेवतो. त्यांचं एका वेळी एवढं बोलणं मी क्वचितच ऐकलं होतं.

मकरंदनं सुचवलं की शुक्रवारी तपासणी आहेच, तेव्हा मॅडमना विचारू आणि मग काय ते ठरवू.

"शुक्रवारपर्यंत पाच दिवस आहेत," मी म्हटलं.

"मग?"

"पाच दिवसांत काय काय होतं ते तुला नाही कळायचं."

त्या दिवसांत मी असं काही बोलले की सगळे गप्प बसायचे. एरवी माझ्या बोलण्यावर असं कुणी गप्प बसत नसे.

सोमवारपासून माझ्या खोलीचं दार बंद झालं. मकरंद फिरतीवर गेला. दाराबाहेर रद्दी आधी ओरडायची, मग नखांनी लाकूड खरवडायची, मग तात्या येऊन तिला उचलून नेत. त्यांचा हळू आवाज यायचा. बाळ येणार आहे, आता हट्ट करायचा नाही, वगैरे. मंगळवारी दुपारी मला डुलकी लागली. जागी झाले तर ती गजांतून आत येऊन माझ्या पायावर हनुवटी ठेवून निजली होती.

मी तात्यांना हाक मारली. ते उंबऱ्यापाशी आले आणि थांबले.

"तात्या, मला हे मांजर घरात नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मांजराकडे. मग पहिल्यांदाच आत आले, वाकून तिला उचललं. ती त्यांच्या खांद्यावर पोत्यासारखी लोंबली आणि तिथूनच माझ्याकडे बघत राहिली.

"बरं," तात्या म्हणाले. "उद्या सकाळी."

संध्याकाळी आत्याला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. बायकांना चिंचा हव्याशा वाटतात, कुणी चुलीची माती खातं, हिला डोहाळा लागला तो मांजर घालवायचा, असं ती स्वयंपाकघरात म्हणत होती, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, मग सोडलं तर काय द्यायचं, ते तुझ्या पुस्तकात बघ, असंही म्हणाली. पण एकदा ठरल्यावर सोडायचं कसं ते तिनंच तात्यांना बजावून सांगितलं. पोत्यात घालायचं, डोळ्यांना उजेड दिसता कामा नये. वाटेत थांबून पोतं तीनदा गोल फिरवायचं, म्हणजे दिशा विसरते. आणि नदीपलीकडे न्यायचं. अलीकडे कुठंही सोडलं तर संध्याकाळी घरी हजर. मांजर पाणी ओलांडत नाही.

बुधवारी सकाळी मागच्या फरशीवर झटापट ऐकू आली. पडून राहायला सांगितलेलं असूनही मी उठले आणि खिडकीशी गेले. रद्दी आठ वर्षांची होती, आणि त्या आठ वर्षांत तिला कुणी जबरदस्तीनं कुठं कोंबलं नव्हतं. तात्या गुडघ्यांवर बसून तिला पोत्यात घालायचा प्रयत्न करत होते. तिनं त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं. ते तिला रागावले नाहीत. "हो, हो, झालं," एवढंच म्हणत राहिले. शेवटी पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. तात्यांनी ते सायकलच्या कॅरिअरला न लावता पुढच्या दांडीवर, दोन्ही हातांच्या मधे घेतलं, आणि एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं सायकल सावरत ते गल्लीच्या टोकाला गेले. नदीवरच्या आयर्विन पुलाकडे वळेपर्यंत पोतं हलत होतं.

साडेदहाला ते परत आले. हात धुतले. ओरखड्यांवर हळद लावलेली मला उंबऱ्यातून दिसली. मी विचारलं, कुठं सोडलीत.

"नदीपलीकडं, डिग्रजच्या जरा आधी. उसाचं रान आहे, जवळ एक गुऱ्हाळ आहे. उंदीर पुष्कळ." मग जणू मलाच समजावत म्हणाले, "बरं पडेल तिला तिथं."

ताट स्टुलावर ठेवून ते गेले. त्या दिवशी खाकरायचं विसरले, त्यामुळे जेवण गार झाल्यावर मला कळलं.

शुक्रवारी मकरंद मला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेला. आत मी एकटीच गेले. वहीतले चौदा प्रश्न मी मॅडमना विचारले. पपई, कुशीवर झोपणं, डावीकडे की उजवीकडे, मोबाईल उशाशी ठेवला तर चालतो का. मॅडम शांतपणे उत्तरं देत होत्या. ठोके ऐकवले. सगळं व्यवस्थित आहे, आता थोडंथोडं फिरायला हरकत नाही, म्हणाल्या.

घरी आल्यावर मकरंदनं तात्यांसमोरच विचारलं, "मांजराचं विचारलंस का?"

"हो," मी म्हटलं. "बरं केलंत म्हणाल्या."

तात्या वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान हलवली. "मग झालं तर," म्हणाले.

त्यानंतर तात्या रोज सकाळी सायकल घेऊन बाहेर पडायला लागले. फिरायला जातो, म्हणायचे. एकदा मी पाहिलं तर हँडलला दुधाची छोटी किटली लटकवलेली होती. भाकरीचा तुकडा कागदात गुंडाळून खिशात. मी खिडकीतून हे बघायचे आणि पुन्हा आडवी व्हायचे. त्यांना काही विचारायचे नाही. तीनेक आठवडे असं चाललं. मग एके दिवशी सायकल भिंतीलाच राहिली, नंतर किटली फडताळात गेली. मला सुटल्यासारखं झालं. मी मनात म्हटलं, मांजर रमलं असेल तिथं, नाहीतर तात्या विसरले असतील. दोन्हींतलं काहीही मला चालणार होतं.

पावसाळ्यात घरात उंदीर झाले. तात्यांच्या खोलीत भिंतभर पुस्तकं. जुन्या बांधणीत मैद्याची खळ असते, तिच्या वासानं ते येत. रात्रीतून एखाद्या पुस्तकाचा कणा कुरतडलेला असायचा. तात्या सकाळी ते उन्हात धरून बघायचे आणि दुपारी नव्यानं बांधायला बसायचे, पुठ्ठा कापायचे, कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून खळ शिजवायचे. मकरंद एकदा म्हणाला, दुसरं एखादं मांजराचं पिल्लू आणू या, बाळ झाल्यावर. तात्या म्हणाले, नको.

सप्टेंबरमध्ये गार्गी झाली. सातव्या महिन्यापासून माझी आई येऊन राहिली होती, तिनं बाळाची नाळ पडेपर्यंत कुणाला धड झोपू दिलं नाही. मी मात्र आठवडाभर बाळाच्या डोळ्यांसमोर बोट फिरवून बघत होते. बोटामागे डोळे फिरायचे. सगळं छान होतं. तात्यांनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्यांच्या उजव्या मनगटावरचे पांढरे ओरखडे तिच्या दुपट्याला लागून होते. ते अजून गेलेले नाहीत.

एक गोष्ट मी इथवर सांगितलेली नाही. ते वाक्य पानाच्या तळाशी होतं, हे मी म्हटलं. वाक्य तिथं संपत असलं तरी परिच्छेद संपत नव्हता. सोमवारी दुपारी, खोलीचं दार बंद असताना आणि बाहेर रद्दी लाकूड खरवडत असताना, मी ते पुस्तक पुन्हा उघडलं आणि पान उलटलं. पुढे लिहिलं होतं, या कारणासाठी घरचं मांजर घालवण्याची मुळीच आवश्यकता नाही. मांजराची घाण दुसऱ्या कुणीतरी रोज साफ करावी, गर्भवतीनं मातीत हात घालू नये, भाज्या स्वच्छ धुऊन घ्याव्यात. एवढं पुरेसं आहे. म्हणजे मांजराबद्दल तात्यांनी रविवारी जे सांगितलं होतं, तेच.

मी ते वाचलं. स्पष्ट वाचलं, दोनदा वाचलं. आणि पान परत मागे उलटून ठेवलं.

का, ते इतकी वर्षं मी स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत आले. शिकलेल्या माणसाला माघार घेणं जड जातं, हे एक. पण त्याहून खरं असं की, मला त्या दिवसांत ज्यांची ज्यांची धास्ती वाटायची, त्यांतलं काहीच मला घराबाहेर काढता येत नव्हतं. रक्ताचा डाग पुन्हा पडणार की नाही, आत ते धडधडतंय की नाही, यांतलं काही पोत्यात बांधून कुणाला देता येत नव्हतं. मांजर देता येत होतं. ते गेलं की सगळंच जाईल, असं मला वाटलं. मंगळवारी ती माझ्या पायावर निजली होती तेव्हा मला तिची भीती वाटली नव्हती. फक्त माझं कुणीतरी ऐकायला हवं होतं. आणि शुक्रवारी मॅडमना पंधरावा प्रश्न मी विचारलाच नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

हे मी कधी कुणाला सांगितलं नसतं. पण गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरची पल्लवी आली. लग्न होऊन वर्ष झालेलं, तिसरा महिना. तिनं एक मांजर पाळलंय, आणि तिच्या सासूबाई म्हणत होत्या की ते आता सोडून यायचं. "वहिनी, तुम्ही सायन्सच्या ना," ती म्हणाली, "काय करू मी?" तिचे डोळे रडून सुजलेले होते.

मी ओट्याशी कांदा चिरत होते. मागे न बघता मी तिला सांगून टाकलं, मांजर घालवायचं काही कारण नाही. घाण तू काढू नकोस, नवऱ्याला काढू दे. हात धू, भाजी धू. पाहिजे तर सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे जा, डॉक्टरही हेच सांगतील. कुठल्याही पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. पल्लवीला इतकं हलकं वाटलं की ती चहाही न घेता जिने चढून गेली.

मग मी वळले. तात्या जेवणाच्या टेबलाशी बसले होते. ते मघापासून तिथंच असणार. समोर वर्तमानपत्र होतं, पण ते वाचत नव्हते.

मी सुरी खाली ठेवली. "तात्या, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"ठाऊक आहे मला ते," तात्या म्हणाले. "मांजर ठेवलेलं चालतं, हेच ना?"

ते पुढे सांगू लागले, सावकाश, नेहमीच्या आवाजात. ते पुस्तक मकरंदनं आणलं त्याच आठवड्यात त्यांनी ते वाचून काढलं होतं, मी झोपलेली असताना, दुपारी, ते बाहेरच्या स्टुलावर असायचं तेव्हा. घरात दुसरं बाईमाणूस नाही, कधी काही वेळ आली तर आपल्याला माहीत असलेलं बरं, म्हणून. सुनेला कळलं तर ती संकोचेल, म्हणून पुन्हा जागच्या जागी ठेवून द्यायचे.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू घाबरली होतीस. घाबरलेल्या माणसाला पान काढून दाखवून काय होतंय?" मग म्हणाले, "आणि इंदू म्हणाली तसा डोहाळाच म्हण. दुसरं काही मागितलंच नव्हतंस तू. पोटुशी बाई मागते त्याला कारण विचारू नये. मला वाटलं, हिला पुढचं पान उलटायचा धीर झाला नसेल. मॅडमनीही बरं केलंत म्हटलं, म्हणालीस. म्हटलं, डॉक्टरला जास्त कळतं."

इथंच मी गप्प बसले असते तर चाललं असतं. त्यांनी माझ्यासाठी एक सोयीची गोष्ट बांधून ठेवली होती, आणि नऊ वर्षं ते तीच खरी मानत होते. घाबरलेली, अर्धंच वाचलेली मुलगी. मला फक्त होकार द्यायचा होता.

"धीर झाला होता," मी म्हटलं. "सोमवारी दुपारीच वाचलं होतं मी ते. आणि मॅडमना मी विचारलंच नव्हतं."

"सोमवारी," तात्या म्हणाले. बोटांवर मोजल्यासारखं त्यांनी ते म्हटलं. "म्हणजे बुधवारच्या आधी."

"हो."

वर पल्लवीच्या घरात कुकरची शिट्टी झाली. तात्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, मग टेबलाच्या कडेला सरळ करून ठेवली. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते रागावलेले नव्हते. काहीतरी आठवून पुन्हा लावून बघत असल्यासारखे दिसत होते.

"आली होती ती परत," ते म्हणाले.

"कोण?"

"रद्दी. वीस-बावीस दिवसांनी. सकाळी दार उघडलं तर पायरीवर. पंजे सोलवटलेले, अंगाला उसाचं पाचट चिकटलेलं. तू उठायची होतीस अजून. मी दूध दिलं, भाकरी कुस्करून घातली. सगळं खाल्लं तिनं. खाऊन झाल्यावर तुझ्या खोलीच्या दाराशी जाऊन बसली. ओरडली नाही, खरवडलं नाही. नुसती बसून राहिली. मग मी पोतं आणलं."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"पहिल्या वेळी केवढी भांडली होती," तात्या म्हणाले. "या वेळी धरावीच लागली नाही. पोतं जमिनीवर पसरलं, तर आपणहून आत जाऊन बसली. माझ्याकडं तोंड करून. एसटीनं गेलो, पार आष्ट्याच्या पुढं."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तेव्हा ते पान तू वाचलेलं होतंस," ते म्हणाले.

ते विचारत नव्हते. तरी मी हो म्हटलं.